रशियन चावीचा फोनो

चावीचा फोनो तुमच्यापैकी ज्यांचे केस पिकले आहेत त्यांना नवा नाही. ओसरीवर पेटी उघडायची, कडेला दांडी लावून कमान भरायची, तबकडी फिरू लागली की तिच्यावर अलगद सुई टेकवायची, आणि बालगंधर्वांचे पद ऐकायला निम्मी आळी अंगणात येऊन बसायची. तबकडीवर कर्ण्यापुढे कान देऊन बसलेला कुत्रा असे. ही 'कुत्रा छाप' तबकडी आणि ती वाजवणारी पेटी आपल्याकडच्या पुष्कळ घरांत आजही माळ्यावर पडून आहे.

या पेटीचा एक जुळा भाऊ आहे, आणि तो रशियात वाढला. दिसायला तसाच. मिटली की प्रवासी बॅगेसारखी पेटी, उघडली की झाकणाखाली हिरव्या नाहीतर निळ्या मखमलीची फिरती थाळी, निकेलचा चकचकीत वाकडा हात. फक्त कुत्रा नाही. रशियन लोक त्याला 'पातेफोन' म्हणतात. अलीकडे जुन्या वस्तू जमवणाऱ्या मंडळींत या पातेफोनची चौकशी वाढली आहे, आणि चौकशी वाढली की फसवणूकही वाढते. तेव्हा हे यंत्र काय आहे, ते कुणाची नक्कल म्हणून जन्माला आले, त्याने तिथे काय काय केले आणि आज ते कुणाच्या हाती लागले तर कसे ओळखावे नि कसे सांभाळावे, हे आपण पाहू.

आधी नावाची मौज. पातेफोन हे नाव आले ते फ्रान्समधल्या 'पाते' बंधूंच्या कंपनीवरून. पहिल्या महायुद्धापूर्वी या कंपनीची यंत्रे रशियात खूप खपत. पाते कंपनीची तबकडी आपल्या ओळखीच्या तबकडीपेक्षा वेगळी होती. आपल्या तबकडीच्या खाचेत सुई डावी-उजवीकडे थरथरते, पात्यांच्या तबकडीत ती खाली-वर होत असे. तिला पोलादी सुईऐवजी नीलमण्याचा बारीक गोळा लागे. आणि सुरुवातीच्या पुष्कळ तबकड्या तर आतून बाहेर वाजत. ही पद्धत मागे पडली, पण नाव लोकांच्या तोंडी बसले. जसे आपण कुठल्याही वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणून मोकळे होतो, तसेच ते. पुढे रशियात जी पेटी घरोघर गेली तिच्यात पात्यांचे काहीही नव्हते. नाव फ्रेंच, घडण इंग्रजी आणि कारखाना रशियन, असा तो तिरंगी संसार.

घडण इंग्रजी म्हणजे कशी? सपाट तबकडी आणि डावी-उजवी खाच ही कल्पना एमिल बर्लिनरची, १८८७ सालची. त्याआधी दहा वर्षे एडिसनने फिरत्या नळकांड्यावर आवाज धरला होता. बर्लिनरच्या यंत्राचे पुढे कर्णेवाले फोनो झाले. ते बैठकीत शोभत, पण उचलून नेणे कठीण. म्हणून कर्ण्याची घडी घालून तो पेटीच्या पोटात लपवण्याची युक्ती निघाली. १९१४ साली इंग्लंडात डेका नावाची अशी पेटी निघाली आणि लगेच सुरू झालेल्या महायुद्धात ती खंदकापर्यंत गेली. कुत्रा छाप कंपनीने, म्हणजे एच. एम. व्ही.ने, १९२५ साली '१०१' क्रमांकाची आणि १९३१ साली '१०२' क्रमांकाची पेटी काढली. ही १०२ क्रमांकाची पेटी म्हणजे चावीच्या फोनोतला कळस, असे जाणकार मानतात, आणि मलाही ते पटते. एवढ्याशा पेटीतून एवढा भरदार आवाज त्याआधी कुणी काढला नव्हता. रशियन कारखान्यांनी पुढे ठेवला तो याच पेटीचा नमुना.

आत काय चालते ते थोडक्यात सांगतो. शिक्षक मंडळींना वर्गात उपयोगी पडेल. चावी दिली की डब्यात गुंडाळलेली पोलादी कमान घट्ट होते. ती सैल होऊ पाहते आणि दातेरी चाकांमार्फत थाळी फिरवते. पण कमानीचा जोर सुरुवातीला जास्त आणि शेवटी कमी. मग गाणे आधी धावेल नि मग रेंगाळेल. ते होऊ नये म्हणून एका उभ्या-आडव्या आसावर तीन लहान वजने पातळ पट्ट्यांनी बांधलेली असतात. आस जोरात फिरू लागला की वजने बाहेर फेकली जातात, त्यांच्याबरोबर एक चकती सरकते आणि चामड्याच्या किंवा नमद्याच्या तुकड्यावर घासते. वेग आपोआप आवरतो. जत्रेतल्या पाळण्यात बसल्यावर पाळणे बाहेर का झुकतात, हे ज्या मुलाला कळले त्याला हेही कळेल. थाळी मिनिटाला ७८ फेरे घेते ती या तीन वजनांच्या जिवावर. सुईची थरथर एका लहान डबीतल्या पडद्यावर जाते. हा पडदा आधी अभ्रकाचा असे, पुढे पातळ ॲल्युमिनियमचा झाला. पडद्याने हलवलेली हवा वाकड्या नळीतून पेटीच्या पोटातल्या कर्ण्यात जाते आणि मोठी होऊन बाहेर पडते. सगळ्या प्रकारात विजेचा एक थेंबही नाही.

हे शेवटचे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण रशियात पातेफोन का पसरला याचे मर्म त्यातच आहे. १९१७ च्या क्रांतीपूर्वी रशिया ही तबकड्यांची मोठी बाजारपेठ होती. फ्रेड गाइसबर्ग हा इंग्रजी कंपनीचा ध्वनिमुद्रक तिथे जाऊन शालियापिनसारख्या थोर गायकाचा आवाज घेऊन आला. हाच गाइसबर्ग १९०२ साली कलकत्त्याला उतरला आणि त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. म्हणजे आपल्या आणि रशियाच्या तबकडीची सुईण एकच म्हणायची! मॉस्कोजवळ आप्रेलेवका या गावी गॉटलिब मोल नावाच्या जर्मन उद्योजकाने १९१० साली तबकड्यांचा कारखाना काढला. क्रांतीनंतर तो सरकारजमा झाला आणि पुढे सोव्हिएत देशातला सर्वांत मोठा तबकडी-कारखाना ठरला. लेनिनची भाषणे १९१९ पासून तबकडीवर घेतली गेली. पण तबकडी आहे आणि वाजवायला यंत्र नाही, अशी अवस्था. परदेशी कंपन्या गेलेल्या, परकीय चलन तुटपुंजे आणि खेडी अंधारात. अशा देशाला हवे होते विजेशिवाय चालणारे, सामान्य कामगाराने दुरुस्त करावे इतके सोपे आणि लाखोंनी काढता येईल असे यंत्र. तयार उत्तम नमुना इंग्लंडात होता. तो उचलला.

कोलोम्ना या मॉस्कोच्या आग्नेयेकडच्या गावी पातेफोनचा कारखाना होता आणि त्याच्या पेट्या आज संग्राहकांकडे सर्वांत जास्त आढळतात. व्लादिमीर, लेनिनग्राद इथेही पातेफोन निघत. १९३५ साली देशभर 'अधिक उत्पादन करा' अशी लाट उठली. त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस अलेक्सेई स्ताखानोव्ह या खाणकामगाराने एका पाळीत १०२ टन कोळसा काढल्याचे जाहीर झाले आणि त्याच्या नावाने चळवळच सुरू झाली. ठरलेल्या मापापेक्षा जास्त काम करणाऱ्याला बक्षीस मिळे: सायकल, घड्याळ, नाहीतर पातेफोन. १०२ टनांबद्दल १०२ क्रमांकाच्या पेटीची नक्कल, हा निव्वळ योगायोग. पण मास्तरांना वर्गात सांगायला बरा. ज्याच्या घरी पातेफोन आला त्याच्याकडे शेजारी जमत. सामुदायिक शेतीच्या गावात, सैनिकांच्या तळावर, सुटीच्या दिवशी नदीकाठी पातेफोन वाजे नि लोक नाचत.

आता आम्ही रेडिओवरून बोलणारे लोक हे सांगताना थोडे अडखळतो, पण खरे ते सांगितले पाहिजे. त्या काळी सोव्हिएत घरांतून रेडिओ बहुधा तारेने आलेला असे. भिंतीवर एक कर्णा, आणि त्यातून जे येईल ते ऐकायचे. तो लहान-मोठा करता येई, बंद करता येई. दुसरे केंद्र लावायची सोय नाही. पातेफोनवर मात्र कोणती तबकडी ठेवायची हे घरातले माणूस ठरवी. एवढ्याशा फरकाने पुढे काय घडले ते पाहण्यासारखे आहे.

लिदिया रुस्लानोव्हा ही लोकगीते गाणारी बाई. शेतकऱ्याच्या घरची, आवाज मोकळा आणि खणखणीत. महायुद्धात आघाडीवर जाऊन गायली. १९४५ च्या मे महिन्यात बर्लिनमध्ये राइशस्टागच्या पायऱ्यांवरही तिचे गाणे झाले. १९४८ साली तिला अटक झाली. नवरा सेनापती, त्याच्यावर वरून वक्रदृष्टी झाली आणि तीही त्यात ओढली गेली. रेडिओवरून तिचा आवाज गेला, नाव घेणे बंद झाले. स्टालिन १९५३ साली वारला, त्याच वर्षी ती सुटली आणि पुन्हा गाऊ लागली. मधल्या पाच वर्षांत तिचा आवाज जिथे राहिला तो घरातल्या तबकडीत आणि ती वाजवणाऱ्या पेटीत. कमान भरून, दार लावून, हळू आवाजात ऐकायचे म्हटले तरी चावीच्या फोनोला आवाज कमी करायचे बटण नसते, हीही एक अडचणच! लोक पेटीच्या पोटात कापड कोंबत किंवा मवाळ सुई लावत.

दुसरी हकिकत याहून विलक्षण. युद्धानंतर परदेशी नाचाची गाणी आणि देशाबाहेर राहणाऱ्या रशियन गवयांची गाणी दुकानात मिळेनात. रुमानियात राहणारा प्योत्र लेश्चेंको हा त्यातला फार लोकप्रिय. तो १९५१ साली पकडला गेला आणि १९५४ साली तुरुंगातच वारला. त्याचे गाणे तर हवे, आणि तबकडीसाठी माल नाही. लेनिनग्रादमध्ये एक दुकान होते. तिथे माणसाचा स्वतःचा आवाज किंवा निरोप मुद्रित करून देत. ते यंत्र पाहून रुस्लान बोगोस्लोव्हस्की या तरुणाने तसेच यंत्र स्वतः घडवले. पुन्हा नक्कलच बघा! आणि तबकडीसाठी त्याने नि त्याच्या सोबत्यांनी काय वापरले? इस्पितळांतून टाकून दिलेल्या क्ष-किरणांच्या फिल्मा. त्या कात्रीने गोल कापायच्या, मध्ये जळत्या सिगारेटने भोक पाडायचे आणि वर खाच कोरायची. एका बाजूला गाणे, आणि उजेडापुढे धरले तर कुणाच्या तरी बरगड्या किंवा हाताची बोटे. लोक त्याला 'हाडांवरचे संगीत' म्हणत. थोड्या वेळा वाजले की खाच पुसली जाई, पण किंमत थोडी आणि गाणे हवे ते. आणि या मंडळींनी आपल्या उद्योगाला नाव काय दिले? 'सोनेरी कुत्रा'. पेटीवरून गेलेला कुत्रा असा मागच्या दाराने परत आला. १९५० साली बोगोस्लोव्हस्की आणि त्याचा सोबती बोरिस ताइगिन पकडले गेले. १९५३ नंतर सुटले आणि पुन्हा त्याच कामाला लागले. ही हाडांची तबकडी पातेफोनच्या सुईखाली वाजे. पुढे टेपरेकॉर्डर घरांत आला तेव्हा तिचा काळ संपला.

मूळ इंग्रजी पेटी सरस आहे यात वाद नाही. तिची कमान सावकाश उलगडते, निकेल टिकते, डबीचा आवाज गोड. पण रशियन पेटीचे मोल तिच्या निकेलात शोधून सापडत नाही. जो संग्राहक पातेफोनला 'स्वस्तातली कुत्रा छाप' म्हणून घेतो त्याने पैसे फुकट घालवले असे मी म्हणेन. जो तो पातेफोन म्हणून घेतो, त्याच्याकडे एका देशाच्या वीस-तीस वर्षांचा कान येतो.

युद्धाचाही या पेटीशी निराळा संबंध आहे. व्यात्का नदीकाठच्या व्यात्स्किये पोल्यानी गावात 'मोलोत' म्हणजे 'हातोडा' नावाचा कारखाना आहे. युद्धात तिथे श्पागिनने आखलेली बंदूक लाखोंनी निघत होती. युद्ध संपले, बंदुकांची गरज घटली, आणि त्याच कारखान्यातून पातेफोन निघू लागले. पुढे १९५७ च्या सुमारास त्याच कारखान्याने 'व्यात्का' नावाची स्कूटर काढली, आणि ती होती इटलीच्या व्हेस्पाची नक्कल! आपल्याकडे व्हेस्पा चालवलेल्या माणसाला तिचा फोटो दाखवा, तो लगेच 'ही आपलीच' म्हणेल. हात बसलेले कारागीर, पुढे ठेवलेला परका नमुना, असे ते चक्र.

आता ओळखण्याकडे येतो. एका शहरातल्या जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याने मला एक गडद निळी पेटी दाखवली होती. झाकणाच्या आत कुत्र्याचे नवे कोरे चित्र चिकटवलेले. 'अस्सल विलायती, साहेब' म्हणून भाव सांगितला. मी थाळी उचलायला सांगितली. खालच्या पत्र्यावर ठशाची अक्षरे होती आणि पहिलेच अक्षर दाराच्या चौकटीसारखे होते. व्यापाऱ्याने पेटी मिटली आणि भाव निम्म्यावर आला. मला मात्र ती चिकटवलेल्या कुत्र्यासाठी नको होती आणि त्याला तो काढायचा नव्हता. सौदा झाला नाही.

ही अक्षरे ओळखायला रशियन भाषा यावी लागत नाही. पातेफोन हा शब्द रशियन लिपीत सात अक्षरांचा. पहिले 'प' हे दोन खांब आणि वर तुळई, म्हणजे बिनदाराची चौकट. दुसरे, तिसरे, चौथे इंग्रजी ए, टी, ई यांच्यासारखी. पाचवे 'फ' : वर्तुळाच्या मधून उभी काठी, आपल्या 'फ'चा लांबचा भाऊच वाटतो. सहावे शून्यासारखे 'ओ'. सातवे इंग्रजी एचसारखे दिसते, पण त्याचा उच्चार 'न'. ही सात चित्रे वहीत काढून ठेवा, म्हणजे पत्र्यावरचा ठसा किंवा झाकणातला बिल्ला वाचता येईल. बिल्ल्यावर बहुधा कारखान्याचे चिन्ह आणि गाव असते. सोव्हिएत वस्तूंबरोबर 'पास्पोर्त' म्हणून एक पुस्तिका येई. ती पेटीबरोबर मिळाली तर तिला पेटीइतकेच जपा, कारण तिच्यात यंत्राची तारीख सापडू शकते.

दुसरी खूण आट्यांची. इंग्रजी पेटीतले बारीक स्क्रू बी. ए. मापाच्या आट्यांचे असतात. (हे बी. ए. म्हणजे आमच्या कॉलेजातली पदवी नव्हे, ते एक माप आहे.) रशियन पेटीचे आटे मिलिमीटरच्या मापाचे. एकाचा स्क्रू दुसऱ्यात नीट जात नाही. जबरदस्तीने बसवला तर भोकाचे आटे फाटतात. म्हणून पेटी घेताना दोन-तीन स्क्रू हाताने फिरवून पाहावेत. कुठे वाकडा बसलेला, कुठे डोके खाल्लेला, कुठे चिंधी घालून घट्ट केलेला स्क्रू दिसला की समजावे, इथे दोन-तीन पेट्यांची हाडे एकत्र केली आहेत.

आणि हे एकत्र करणे आपल्याकडे फार चालते. मुंबईच्या चोरबाजारात आणि पर्यटकांच्या इतर ठिकाणी झळझळीत पितळी कर्ण्याचे फोनो रांगेने मांडलेले तुम्ही पाहिले असतील. लाकडी चौकोनी किंवा अष्टकोनी पेटी, वर कुत्र्याचे चित्र. त्यातले बहुतेक अलीकडे जुळवलेले असतात. कर्णा आणि पेटी नवी, आणि आतले यंत्र कुणाच्या तरी माळ्यावरच्या जुन्या बॅग-फोनोतून उपसून घेतलेले. म्हणजे एक धडधाकट जुनी पेटी मोडायची, तिचे काळीज काढायचे आणि देखावा उभा करायचा. गावोगाव फिरणारे भंगारवाले शे-दोनशे रुपयांत अशा पेट्या नेतात त्या याचसाठी. पेटी इंग्रजी असो की रशियन, ती शाबूत राहिली तर पुन्हा गाऊ शकते. काळीज काढलेली पेटी कुणालाच उपयोगाची नाही. शिवाय या जुळवलेल्या फोनोचा हात ओबडधोबड आणि जड असतो, त्याखाली जुनी तबकडी चार दिवसांत पांढरी पडते. तुमच्या घरी, शाळेच्या कपाटात, ग्रामपंचायतीच्या जुन्या सामानात बॅग-फोनो असेल तर देण्यापूर्वी दहादा विचार करा, एवढीच माझी विनंती.

तबकड्यांचे थोडे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत लाख असे, आणि ती लाख बव्हंशी आपल्या देशातून जगभर जाई. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्याने केलेली ही लाख. ज्याच्या बांधावर पळस आहे त्याला सांगायला नको. लाखेची टंचाई इतकी की रशियात काही काळ नवी तबकडी घ्यायची तर जुनी किंवा फुटकी परत द्यावी लागे. क्रांतीपूर्वीच्या किती तबकड्या अशा भट्टीत गेल्या असतील, कोण जाणे. सोव्हिएत तबकडीच्या कागदावर 'गोस्त ५२८९' आणि त्यापुढे आडवी रेघ देऊन दोन आकडे असतात: ५६, ६१, ६८ असे. तो सरकारी मानकाचा क्रमांक, आणि शेवटचे दोन आकडे त्या मानकाचे साल. ६१ असेल तर ती तबकडी १९६१ च्या आधी छापलेली नाही, हे नक्की. 'मेलोदिया' हे नाव असेल तर १९६४ नंतरची, कारण ही सरकारी संस्था त्या साली झाली.

यात एक धोका आहे. मेलोदियाच्या पुष्कळ तबकड्या ३३ फेऱ्यांच्या, प्लॅस्टिकच्या. दिसायला तशाच काळ्या. त्या चुकूनही चावीच्या फोनोवर ठेवू नका. फोनोच्या डबीचा भार शंभर ग्रॅमच्या वर असतो. नव्या तबकडीला दोन-चार ग्रॅमचीच सवय. एका फेरीत खाच नांगरली जाते. आपल्याकडच्या लता मंगेशकरांच्या, भीमसेन जोशींच्या मोठ्या तबकड्यांनाही हाच नियम.

सुई हा लोकांना सर्वांत न पटणारा मुद्दा. पोलादी सुई एका बाजूपुरतीच. गाणे संपले, सुई टाकली, नवी लावली. 'इतकी चांगली सुई कशी टाकायची?' असे आपल्या काटकसरी मनाला वाटते. पण तबकडीच्या मालात मुद्दाम कठीण भुकटी घातलेली असते. ती सुईला घासून खाचेच्या आकाराची करते. तीन मिनिटांत सुईच्या टोकाला दोन धारदार कडा येतात, आणि तीच सुई दुसऱ्या गाण्याला लावली की त्या कडा खाच खरवडतात. नव्या सुया आजही मिळतात आणि तबकडीपेक्षा खूप स्वस्त पडतात. पातेफोनच्या कोपऱ्यात बाहेर सरकणारी लहान वाटी असते, ती नव्या सुयांसाठी. जुन्या निराळ्या डबीत टाका, मुलांच्या पायात जाऊ देऊ नका.

बंद पडलेली पेटी मिळाली तर आधी चावी पूर्ण देण्याचा मोह आवरा. जुने वंगण वाळून कमानीला चिकटलेले असते. थाळी फिरताना मध्येच 'धप्' असा आवाज येतो आणि सुई उडते, तो त्यामुळे. कमानीचा डबा घरी उघडू नये. आतली पोलादी पट्टी सुटली तर बोटे कापते. घड्याळजी किंवा जुन्या मशिनी दुरुस्त करणारा कारागीर गाठावा. बाकीच्या चाकांना हलके मशीनचे तेल, थेंब-थेंब. डबी खरखर करत असेल तर तिच्या कडेचे रबर दगड झाले आहे असे समजा. ते बदलले की निम्मा आवाज परत येतो. जस्ताच्या मिश्रधातूचे भाग कालांतराने फुगून तडकतात, त्यांना जोर लावू नये. पेटीचे कापड ओल्या फडक्याने पुसा, रंगरंगोटी नको. कोपरे झिजलेले असले तर असू द्यात. लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नका, लाख त्यात विरघळते. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ कापड, कागद मात्र भिजू द्यायचा नाही.

शिक्षकांसाठी एक प्रयोग. पूर्ण फुटकी, टाकाऊ तबकडी मिळाली आणि तिचा निम्माशिम्मा भाग थाळीवर बसत असेल, तर चित्रकलेच्या जाड कागदाचा नरसाळ्यासारखा कोन करा, टोकाला टाचणी खोचा आणि फिरत्या खाचेवर टाचणी अलगद धरा. चार-सहा सुरांचे तुकडे कागदातून ऐकू येतील. ना डबी, ना पडदा, ना वीज. एकदा मुलांनी हे ऐकले की आवाज म्हणजे थरथर हे फळ्यावर लिहायची गरज उरत नाही. चांगल्या तबकडीवर हा खेळ नको.

पावसाळ्यात पेटी माळ्यावर ठेवू नका. कापडाला बुरशी येते आणि कमान गंजते. तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या, उन्हापासून दूर. आणि रात्री पेटी मिटण्यापूर्वी थाळी तशीच फिरू द्या, कमान पार सैल होऊन ती आपोआप थांबेपर्यंत. मग हात खाली घ्या, चावी तिच्या जागेत खोचा आणि झाकण लावा.